शेजाऱ्याचं नेट जोरात

दिवाळी झाली की दुकानात कॅलेंडरं येऊन पडतात. आपण मागितलेली नसतात, पण फेकवतही नाहीत. गिऱ्हाइकांच्या किस्स्यांचं तसंच आहे. कोणी केबल घ्यायला येतो, एक किस्सा ठेवून जातो. मी कोणाच्या घरी वायर ओढायला जातो, येताना एक घेऊन येतो. मग चहाला दोघं-चौघं जमले की निघतात बाहेर.

माझं दुकान जुन्या जालन्यात, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. मोबाईलचं सामान, चार्जर आणि घरी बसवायचे राउटर. सगळ्यात जास्त खपतो तो स्वस्तातला, पांढरा, दोन अँटेनांचा. गिऱ्हाइकं त्याला दोन कानांचा म्हणतात. महागातला तो चार कानांचा. बसवायला मी जातो, दुकानातला फोन माझी बायको रेखा घेते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आलीय. नेट स्लो आहे म्हणून तक्रार करणारे थोडे. शेजाऱ्याचं जोरात आहे म्हणून येणारेच फार.

आमचे जाधव सरच घ्या. रिटायर मास्तर, दोन खोल्यांचं घर. त्यांच्या समोर कापडाचे एक व्यापारी राहतात, त्यांना सगळे शेठजीच म्हणतात. शेठजींचं घर तीन मजली, म्हणून त्यांनी चार कानांचा घेतला. सरांना मी दोन कानांचा दिला. दोघांनीही तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला. एकमेकांना दिसेल असा.

आठवडा होतो न होतो तोच सर राउटर घेऊन दुकानात. म्हणाले, याचे कान वाढवून दे.

मी समजावलं, सर, तुमचं घर लहान, तुम्हाला दोन कान बस्स झाले. नेट बराबर येतं ना? तर म्हणाले, नेट येतं रे, पण त्यांच्याकडं आलेला पाहुणा आमच्याकडं पण चहाला येतो. मी म्हटलं, असं कान वाढवता येत नाहीत. सरांनी राउटर काखेत मारला आणि गेले.

पुढं एकदा त्यांच्याकडं वायर बदलायला गेलो, तर खिडकीतल्या राउटरला चार कान. जवळ जाऊन पाहिलं. भंगारातल्या कुठल्या तरी राउटरचे दोन काळे कान आणून सरांनी ते पांढरा रंग देऊन गोंदानं चिकटवले होते. मी म्हटलं, सर, हे आतून जोडलेले नाहीत, यांचा काही उपयोग नाही.

"मला माहीत हाय," सर म्हणाले. "शेठला माहीत न्हाई."

हे इथंच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी शेठजी दुकानात आले आणि गिऱ्हाईक उभं असताना मला धारेवर धरलं. म्हणाले, "मास्तरला स्वस्तातल्या डब्यात चार कान, अन् मला कामून महाग दिला?"

काय सांगणार? तो माल संपला म्हटलं.

*

घनसावंगीकडं एका गावात दोघा भावांचं घर आहे. शेती एकत्र, ऊस एकाच कारखान्याला जातो, पण घराच्या मधोमध भिंत घातलेली. थोरली जाऊ शोभाबाई, धाकटी मनीषा. राउटर घेतला थोरलीनं. मी बाहेरच्या खोलीत मधल्या भिंतीवर बसवून आलो.

थोड्याच दिवसांत शोभाबाईंचा दुकानावर फोन. रेखानं घेतला. तक्रार अशी की शोभाबाईंच्या स्वयंपाकघरात नेट पोचत नाही, अन् भिंतीपलीकडं मनीषाच्या स्वयंपाकघरात मात्र भरून येतं. ती तर मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, व्हिडिओ बघून बघून भाज्या करते. पासवर्ड कोणी दिला? तर शोभाबाईंच्या नवऱ्यानंच दिला. धाकट्या भावजयीनं विचारलं, यांनी सांगून टाकलं.

आमच्यापुरतंच राहील असं काही करता येतं का, असं शोभाबाईंनी विचारलं. रेखानं फोनवरच पासवर्ड बदलायला शिकवलं. शोभाबाईंनी बदलला, आणि परत फुटू नये म्हणून नवऱ्यालाही सांगितला नाही. तरीही मन राहिना. राउटरच्या मागं भिंतीवर त्यांनी स्टीलची मोठाली ताटं अन् एक परात खिळे मारून टांगली. लहर आरपार जाऊ नये म्हणून.

मनीषानं खिळ्यांचा आवाज ऐकला. जीपनं जालन्याला आली, तसलाच दोन कानांचा राउटर घेतला, आणि मला म्हणाली की मधल्या भिंतीवरच बसवा, पण आमच्या बाजूनं. मी बसवला. पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं तर म्हणाली, "काहीच नको. आपल्या घरात काय लपवायचं हाय?" हे ती जरा मोठ्यानं बोलली. भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतपत.

महिनाभरानं शोभाबाईंचा परत फोन आला. या वेळी आवाज बारीक होता. त्यांचा नवरा जेवण झालं की मोबाईल घेऊन उठतो अन् मनीषाच्या ओसरीला जाऊन बसतो. घरच्या नेटचा पासवर्ड त्याला ठाऊक नाही आणि तिकडं पासवर्डच लागत नाही. मनीषा त्याला चहा पण देते, शोभाबाई म्हणाल्या. शेवटी त्यांनी रेखाला विचारलं, भिंतीवरची ताटं ठेवू का काढू.

रेखा म्हणाली, "काढा ताई, आन् दाजींना त्यात जेवायला वाढा."

*

शहागडला हायवेवर दोन ढाबे समोरासमोर आहेत. एक अण्णांचा, एक कैलासचा. आधी अण्णांनी राउटर घेतला आणि बाहेर पाटी लावली, फ्री वायफाय. ट्रक त्यांच्याकडं थांबायला लागले. कैलास आपल्या गल्ल्यावर बसून रस्त्यापलीकडच्या गाड्या बघायचा. जेवण त्याच्याकडचं चांगलं, हे मी स्वतः खाऊन सांगतो.

पहिल्यांदा त्यानं राउटर घेतला नाही, नुसती पाटी रंगवली. अण्णांच्या पाटीपेक्षा मोठी. ड्रायव्हरनं पासवर्ड विचारला की म्हणायचा, आत्ता लाईट गेलीय. एका ड्रायव्हरनं डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडं बोट दाखवलं, तेव्हा कैलासला माझ्याकडं यावं लागलं.

मी राउटर बसवला. खरंच ट्रक कैलासकडं वळले. तो खूश, मलाही जेवू घातलं. पण पुढच्या खेपेला त्या बाजूनं चाललो होतो तर कैलासचं तोंड उतरलेलं. सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. एकेक ड्रायव्हर एका चहावर आडवा होऊन व्हिडिओ बघत पडलेला. जेवायला आलेल्या माणसाला टेकायला जागा नाही.

आणि समोर? अण्णांनी कैलासकडं नेट लागताच आपला राउटर काढून घरी नेला होता. त्यांच्याकडं आता लोक यायचे, जेवायचे, उठून जायचे.

कैलासनं मला रस्त्यापर्यंत ओढत नेलं. मग म्हणाला, "संजूभाऊ, त्याच्याकडं बघा. बिगर नेटचं कसं मजेत चाललंय."

*

आता दुसऱ्यांचंच किती सांगू? माझंही ऐका.

अंबडच्या पुढं एका तात्यांची मोसंबीची बाग आहे. शेतातल्या घरावर त्यांना नेट पाहिजे होतं. भर उन्हात मी पत्र्यावर चढलो. पत्रा असा तापलेला की हात टेकवेना. वायर ओढली, राउटर बसवला, सगळ्यांचे मोबाईल जोडून दिले. तात्यांनी खाली उभं राहून एवढंच विचारलं की पत्र्याला भोक तर पाडलं नाही ना.

पुढच्या आठवड्यात त्यांचं नेट बंद पडलं. दुकानावर फोन केला, रेखानं घेतला. ती म्हणाली, तात्या, डब्याचं बटन बंद करा, पाणी पिऊन या, मग चालू करा. तात्यांनी केलं. नेट आलं.

झालं! दोन दिवसांनी तात्या स्वतः दुकानात, खांद्यावर मोसंबीची थैली. मी उठून पुढं झालो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं अन् विचारलं, ताई कुठं हायत? थैली रेखाच्या हातात दिली. म्हणाले, "ताईंच्या हाताला गुण हाय."

हात? तिनं तो डबा बघितलासुद्धा नव्हता. माझ्या तळहाताचे फोड अजून गेले नव्हते.

तेव्हापासून हे असंच. दुकानातला फोन मी उचलला की पलीकडचा विचारतो, त्या बाई न्हाईत का? मी म्हणतो, मी बोलतो ना, सांगा. तर तो म्हणतो, असू द्या, मंग करतो नंतर.

त्या दिवशी घरी रेखानं मोसंबी सोलून माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, आंबट असणार. खाल्ली. गोड निघाली, त्यानं अजूनच राग आला.

*

साळवे सर आणि त्यांची बायको वैशालीताई आमची जुनी गिऱ्हाइकं. सर शिक्षक, ताईंची शिलाई. एक दिवस दोघं दुकानात आले, पण आले असे की ती पुढं अन् ते बरेच मागं. ताईंनी मला नाही, रेखालाच विचारलं, एखाद्या मोबाईलला दुसऱ्याच्या घरचं नेट आपोआप जोडलं जातं का?

रेखा म्हणाली, आधी कधी जोडलेलं असलं तर जातं. एकदा पासवर्ड टाकला की मोबाईल ते ध्यानात ठेवतो.

ताईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की मी काउंटरवरचं सामान उगाच नीट लावायला लागलो.

झालं होतं असं. सरांच्या शाळेतल्या एक मॅडम, त्यांच्या नवीन घराची पूजा होती. हे जोडीनं गेले. सर म्हणत होते की मी या घरी पहिल्यांदाच येतोय. अन् सोफ्यावर टेकताच त्यांच्या मोबाईलवर टिंग टिंग करून मेसेज पडायला लागले. कोणी पासवर्ड विचारला नाही, कोणी सांगितला नाही. सरांचा मोबाईल त्या घरात पाऊल टाकताच घरच्यासारखा जोडला गेला. तेव्हापासून चार दिवस ताई घरात अक्षर बोलल्या नव्हत्या.

सर नुसते घाम पुसत होते. शपथ घेतो म्हणत होते.

रेखानं जरा विचार केला आणि विचारलं, ताई, तिथं तुमच्या मोबाईलला नेट आलं का? ताई म्हणाल्या, आलं ना, मी तिथूनच बहिणीला पूजेचे फोटो पाठवले. रेखा म्हणाली, तुमचा नेटपॅक तर तुम्ही मारतच नाही. मग तुम्हाला तिथला पासवर्ड कोणी दिल्ता?

ताईंनी मोबाईल काढून बघितला. त्यांनाही कोणी दिला नव्हता.

मग रेखानं घरचा जुना राउटर कुठं गेला म्हणून विचारलं आणि उलगडा झाला. सरांनी गेल्या वर्षी माझ्याकडून चार कानांचा घेतला, तेव्हा घरचा दोन कानांचा जुना निघाला. तोच आता मॅडमच्या घरी होता. नेटचं नाव तेच, पासवर्ड तोच. म्हणून घरातले दोन्ही मोबाईल आपोआप जोडले गेले. सरांनी असा श्वास सोडला की काउंटरवरची बिलं हलली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हसू पण आलं. रेखानं माझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलं. चहा सांगितला.

चहा आला. अर्धा पिऊन झाला असेल, तेव्हा ताईंनी कप खाली ठेवला.

"पण तुम्ही तर म्हणले, जुना राउटर भंगारात दिला."

मी परत काउंटरवरचं सामान लावायला लागलो. सर सांगायला लागले की मॅडमच्या मुलीचा अभ्यास अडला होता, डबा घरी पडूनच होता, आता उगाच तुला कशाला सांगायचं म्हणून... पण ताई तोवर रस्त्यावर जाऊन ऑटोला हात करत होत्या.

संध्याकाळी सर एकटेच परत आले. म्हणाले, एक राउटर द्या. चार कानांचा. तिच्या माहेरी बसवायचाय.

*

आणि कौतिकाबाई.

कौतिकाबाई खरात आमच्या वस्तीकडच्या. आयुष्यभर मजुरी करून पोराला शिकवलं. पोरगा मिलिंद, पुण्याला कंपनीत इंजिनिअर. बायको-लेकरं तिकडंच. नवरा वारल्यावर कौतिकाबाई इथं एकट्या राहतात, पुण्याला करमत नाही म्हणतात. आईचं तोंड रोज दिसावं म्हणून मिलिंदनं माझ्याकडून दोन कानांचा राउटर बसवून घेतला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळी आहे, तिथं. राउटरवर एक लहान दिवा असतो. नेट चालू असलं की हिरवा, बंद पडलं की लाल.

एक दिवस दुपारी कौतिकाबाई दुकानात आल्या. पदराखाली पिशवी, पिशवीत राउटर. वायरीसकट काढून आणला होता. काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, हे बदलून दे बाबा.

मी विचारलं, काय झालं, नेट येत नाही का?

येतं म्हणाल्या.

स्लो आहे का? न्हाई. दिवा लाल होतो का? एक डाव झाला न्हाई, म्हणाल्या, बसवल्यापून हिरवाच हाय.

मला काही कळेना. मी राउटर लावून बघितला. बिलकुल चांगला. म्हटलं, मावशी, यात तर काही खराबी नाही.

"तेच तर सांगून राह्यले," कौतिकाबाई म्हणाल्या. "खराब होणारा दे."

रेखानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. मिलिंदची सासू परतूरला असते. जावयानं तिकडं पण असाच डबा बसवून दिलाय. तिचा सारखा बिघडतो. आज लाल झाला, उद्या नुसताच गरम झाला. मग मिलिंद तिला साधा फोन लावतो. आई, मागचं बटन दाबा. आई, वायर काढून परत घाला. आई, आता कोणता दिवा लागला सांगा. तास तास बोलतो तिच्याशी. मधी मधी तिची तब्येत विचारतो, जेवलात का विचारतो. हे सुनेनंच एकदा कौतुकानं सांगितलं होतं, की तुमचा लेक माझ्या आईवर जरा पण चिडत नाही.

"आन् मला?" कौतिकाबाई म्हणाल्या. "मला व्हिडिओ लावतो. दिसतो, हसतो, लेकरं दाखवतो. नेट बराबर हाय ना बाई, म्हणतो. मी हाव म्हणते. मंग ठेवतो म्हणतो."

त्यांनी राउटरवरची धूळ पदरानं पुसली.

"तिला आई म्हणतो, मला लहानपणापून बाई, त्याचं काही न्हाई. म्हणावंच. पण माझं काही बिघडतच न्हाई, तर त्यो माझ्यापाशी कशाला थांबंल?"

माझ्याकडं खराब होणारा राउटर नव्हता. तसं सांगितलं. कौतिकाबाई उठल्या, डबा पिशवीत घातला. रेखा त्यांना सोडायला बाहेर गेली. दोघी गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या मला माहीत नाही. रेखाला विचारलं तर म्हणाली, काही न्हाई, ऊन लई हाय म्हणत होत्या. संध्याकाळी मीच जाऊन त्यांचा राउटर परत फळीवर जोडून आलो.

मधी बरेच दिवस गेले. त्यांच्या शेजारी एका घरी नवीन कनेक्शन द्यायला गेलो होतो. आलोच आहे तर विचारपूस करावी म्हणून कौतिकाबाईंच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब केलेले, मांडीवर निवडायला घेतलेली डाळ, कानाला मोबाईल. पलीकडून मिलिंदचा आवाज बारीक ऐकू येत होता.

"न्हाई रे," कौतिकाबाई म्हणत होत्या. "दाबलं बटन. तरी लालच हाय. हां, थांब, परत बघते."

बघायला काही त्या उठल्या नाहीत. डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"लालच," म्हणाल्या. "तू जेवला का?"

मी फळीकडं बघितलं. हिरवा दिवा लागलेला होता. कौतिकाबाईंनी मला दारात बघितलं, आणि मोबाईल कानाला तसाच धरून डोळ्यांनीच सांगितलं, बस.